होर्पिनाचा भोपळा आणि दोन प्रजांचे आत्मे

खार्किव, ऑक्टोबर १८४३

आदरणीय मेलानिया मावशी,

लांबूनच वाकून नमस्कार करतो. तुमचे गुडघे थंडीला कसे तोंड देताहेत? काकांचा खोकला आणि त्यावरची त्यांची घरगुती वोद्का, यांपैकी कोण जिंकलं? मी ठीक आहे. "बेचाळिसावं लागलं, लग्न कधी?" या तुमच्या नेहमीच्या प्रश्नाला या खेपेस प्रथमच सांगण्याजोगं उत्तर आहे: गेल्या रविवारी मी एका मुलीला मागणी घालून आलो. चुकून.

त्याचं असं झालं. रशियन आणि युक्रेनी ही एक प्रजा नसून दोन आहेत, दोघींचा आत्मा निराळा, हे लोकगीतांवरून सिद्ध करणारा माझा ग्रंथ तुम्हाला ठाऊकच आहे. (सेन्सॉरसाहेबांनी आधीच विचारलंय, यात आत्मे किती निघणार? सरकारी हिशेबात एकाचीच सोय आहे.) माझा सिद्धांत असा, की रशियन माणूस व्यवहारी आणि आज्ञाधारक, आपला माणूस हळवा आणि स्वतंत्र. रशियन नमुना म्हणून तिकडच्या तूला शहरचा मित्र पोर्फिरी याला बरोबर घेऊन मी खेडोपाडी हिंडतो. अडचण एवढीच, की आपली गाणी ऐकून ढसाढसा रडतो तो पोर्फिरी, आणि आपला हळवा माणूस त्याच वेळी पोर्फिरीच्या घोड्याचे दात तपासत असतो. (हे मी तळटीपेत 'अपवाद' म्हणून घातलंय. तळटीपा आता मजकुराहून लांब झाल्यात.)

मला मुलीला मागणी घालायला जाणाऱ्या मध्यस्थांचं ते जुनं भाषण हवं होतं: आम्ही शिकारी, कोल्हिणीचा माग तुमच्या अंगणात शिरला, वगैरे. वेशीबाहेरच्या गावचा शेतकरी ओमेल्को ते उगाच म्हणून दाखवेना. म्हणून मीच रिवाजाप्रमाणे पाव काखेत मारून, पोर्फिरीला शेजारी उभं करून, त्याच्या घरात भाषण ठोकलं. उत्तरं अप्रतिम मिळाली. त्याची लेक होर्पिना चुलीपाशी मान खाली घालून, लाजऱ्या नवरीनं करायचं तसं, नखानं चुलीचा चुना खरवडू लागली. मी भारावलो. (संशोधक म्हणून. निदान तेव्हा तसं वाटलं.) ओमेल्कोनं लेकीला होकाराचे भरतकामाचे टॉवेल आणायला सांगितलं, तेव्हा मी पेन्सिल काढली आणि म्हणालो, "थांबा, हे वाक्य पुन्हा, जरा सावकाश."

"अहो प्रोफेसर," ओमेल्को म्हणाला, "मुलगी मागायला आलात की शिरगणतीला?"

मी ग्रंथाचं सांगितलं. होर्पिना बाहेर गेली आणि टॉवेलांऐवजी नकाराचा भोपळा घेऊन आली. चांगला थोरला. "घ्या. हाही लिहा त्यात. जरा सावकाश."

भर गावातून तो पोटाशी धरून परतताना मी मनात नवं प्रकरण रचलं: युक्रेनी कन्येचं स्वातंत्र्यप्रेम. पोर्फिरी म्हणाला, "अरे, आमच्याकडेही मुली नाही म्हणतात. फक्त त्यापायी भाजी वाया घालवत नाहीत." त्यालाही तळटीपेत घातला.

तुमचा भाचा,
ओनिसिम

ता. क. भोपळा गाडीवानाबरोबर पाठवतोय. वरी घालून लापशी करा. माझ्याच्यानं तो चिरवत नाही.

ता. क. दुसरा. त्या चुलीला पडलेलं भगदाड अजून लिंपलेलं नाही. (रोज सहज तिकडून जातो; खिडकी उघडी असते.) नाहीच म्हणायचं असतं तर मुलीनं इतकं खोल खरवडलं असतं का? मला वाटतं, नाही; पण मला तर बरंच काही वाटत असतं. काकांना ताजा पाव देऊन मध्यस्थ म्हणून लगेच पाठवा. दुसरा मध्यस्थ पोर्फिरी; तो आत्तापासूनच रडतोय. पेन्सिल भोपळ्याच्या पोत्यात टाकली आहे. होर्पिना हो म्हणेपर्यंत, मी कितीही मागितली तरी, परत पाठवू नका.