तुझं तोंड का वाळायचं, ते कळलं

माय, तुला नेमकं काय झालं होतं ते मला कळलं. तुला जाऊन आता वीसेक वर्षं झाली, एवढ्या उशिरा कळून काय करायचं, असं तू म्हणशील आणि त्यात चूक काही नाही. पण हे तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. तुझ्या त्या दुखण्याला नाव आहे. कुठल्याशा परदेशी डॉक्टरच्या नावावरून ठेवलंय, आणि ते इतकं अवघड आहे की मला अजून नीट म्हणता येत नाही. तोंडात थोडी ओल असती तर जमलंही असतं. हो, ते दुखणं आता माझ्याकडे आलंय. तुझ्या कानातल्या बाळ्या वहिनीकडे गेल्या, शेत आपल्याला कधी नव्हतंच, मग मलाही काहीतरी मिळायला हवं होतं ना.

चिंचा फोडायच्या दिवसांतलं आपलं अमडापूरचं घर मला अजून दिसतं. व्यापाऱ्याने आणून टाकलेल्या चिंचांचा ओट्यावर ढीग आहे. तू आणि मी समोरासमोर बसलोय. तू चिंच ठेचतेस, मी चिंचोके वेगळे काढते, आणि दर थोड्या वेळाने तू एक लहानसा गोळा मिठात बुडवून गालात ठेवतेस. हंगाम संपला तरी तुझ्या पदराच्या गाठीला चिंच असायचीच, निंदायला जाताना आणि विहारात वंदनेला जातानाही. भाकरीच्या प्रत्येक घासाला तू पाण्याचा घोट घ्यायचीस. ठेचा जिभेला लागला की उठून अंगणात जायचीस आणि तोंड उघडं टाकून उभी राहायचीस. सकाळी पापण्या चिकटलेल्या असायच्या, त्या ओल्या फडक्याने सोडवायचीस. मला वाटायचं, सगळ्यांच्या आयांचं असंच असतं.

बाबांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली असतील. नवरा नसलेली बाई आणि सदा तोंडात चिंच, म्हटल्यावर गावाला दुसरं काय सुचणार? आपल्याकडे बाई आंबट खाताना दिसली की अर्थ एकच. आधी मोठी माय, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको, तुझ्या पोटाकडे बघायला लागली, आणि मग हापशीवरच्या बाकीच्या बाया. तू घागर घेऊन पोचलीस की बोलणं थांबायचं. मला शाळेत एका मुलीने विचारलं, तुमच्या घरी बाळ येणार आहे का. मी घरी येऊन ते जसंच्या तसं तुला विचारलं. तू हातातली चिंच खाली ठेवलीस, आणि मग तीच उचलून तोंडात टाकलीस.

गोष्ट सुलतानपूरला मामापर्यंत गेली. मामा दुपारच्या गाडीने आला. मी पाण्याचा गिलास पुढे केला तर त्याने घेतला नाही. बहिणीच्या घरचं पाणी भाऊ नाकारतो, तेव्हा पुढे काय वाढून ठेवलंय ते पोरासोरांनाही कळतं. मोठी माय आपल्या दारातच उभी होती. मामाने जमिनीकडे बघत विचारलं, आणि तू सरळ सांगितलंस की तोंड वाळतं, चिंच चोखली की जरा पाणी सुटतं, दुसरं काही नाही. त्याला ते पटलं नाही. बाबा गेले तेव्हाही तू सगळ्या बायांमध्ये कोरड्या डोळ्यांनी बसली होतीस, ते त्याच्या मनात राहून गेलं होतं. त्या दिवशी ते बाहेर आलं.

"एवढं बोलून राह्यलो मी, तुह्या डोयात टिपूस तरी हाये का?"

"येतच नाही त दाखवू कुठून, दादा?"

मग तू उठलीस आणि टोपलीतली सकाळची भाकर घेऊन आलीस. मामासमोर बसून एक तुकडा तोडलास आणि पाण्याशिवाय चावायला लागलीस. चावत राहिलीस, चावत राहिलीस, आम्ही बघत राहिलो. मग तू तोंड उघडून त्याला दाखवलंस. भाकरीचं पुन्हा पीठ झालं होतं, कोरडं, गिरणीतून पडतं तसं, आणि ते जिभेला, टाळूला, हिरड्यांना चिकटून बसलं होतं. तुला ते गिळता येत नव्हतं आणि थुंकताही येत नव्हतं. मामाने नाकारलेला तो गिलास स्वतःच उचलला आणि तुझ्या तोंडाला लावला. उरलेलं पाणी तो प्यायला. मोठी माय केव्हा निघून गेली ते कोणाला कळलं नाही. मामाचा मला राग नाही, तो नंतर तुझ्याशी फार चांगला वागला. पण बाजारात बैलाचं तोंड उघडून बघतात तसं तुला स्वतःचं तोंड उघडून दाखवावं लागलं, त्याचा राग मला अजून येतो.

मामाने तुला चिखलीला डॉक्टरकडे नेलं. अशक्तपणा आहे म्हणून टॉनिकची बाटली मिळाली, पुढे डोळ्यांसाठी थेंब मिळाले, चष्माही मिळाला. त्यांना तरी काय ठाऊक होतं? गाव मात्र वाट बघत राहिलं. महिन्यांमागून महिने गेले आणि पोट काही दिसेना. शेवटी हापशीवर एकीने खोचकपणे विचारलंच, तेव्हा तू घागर कमरेवर घेत म्हणालीस, "हत्तीनीचं असन बाई, टाइम लागते." त्यानंतर कोणी विचारलं नाही. हे वाक्य मी इतक्यांदा सांगितलंय की माझ्या गाडीवरच्या ड्रायव्हरांनाही पाठ झालंय.

मला कंडक्टरची नोकरी लागली तेव्हा तुझे दात जवळजवळ सगळे गेले होते. कीड लागून एकेक पडत गेले. त्याचाही संबंध कोरड्या तोंडाशी असतो, हे आता कळतंय. तू चिखलीच्या बाजारातून मला फिरकीचा तांब्या आणून दिलास आणि पाण्याशिवाय कुठे जाऊ नको म्हणालीस. मी तो घेतला आणि मनात म्हटलं, हिला काय कळतं? गाडीवर बाईला पाणी पिऊन चालतं का? पुढचं स्टँड येईपर्यंत जायची सोय कुठे असते? तहान मारायची सवय मी पहिल्याच महिन्यात लावून घेतली. तुझ्या शेवटच्या दिवसांत मी तुझ्या ओठांना कापसाने पाणी लावत होते, तेव्हाही मला वाटत होतं की हे म्हातारपण आहे. पन्नाशी जेमतेम ओलांडली होतीस तू.

माझं डोळ्यांपासून सुरू झालं. जळगाव जामोदच्या गाडीवर होते, उन्हाळा होता, खिडक्यांतून धूळ येत होती, म्हणून डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचायचं त्याचं कोणाला नवल वाटलं नाही. पावसाळा आला, धूळ बसली, वाळू तशीच राहिली. मग थांब्यांची नावं पुकारताना जीभ अडकायला लागली. बोटांचे सांधे सकाळी आखडायचे. मी लिंबाच्या गोळ्या चघळायला लागले, त्या पुरेनात तेव्हा कधी चिंच. एकदा मागच्या सीटवरची एक आजी मोठ्या मायेने विचारते, कितवा महिना पोरी? माझे केस पांढरे व्हायला लागलेत, माय. मी इतकी हसले की तिकीट द्यायचं राहून गेलं. हसून झाल्यावर मात्र मला तू आठवलीस.

बुलढाण्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी खालच्या पापणीत कागदाची एक बारीक पट्टी अडकवून ठेवली. चांगल्या डोळ्याने ती भिजायला हवी. माझी होती तशीच बाहेर आली. त्यांनी मला छत्रपती संभाजीनगरला सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. तिथे रक्त तपासलं, खालच्या ओठाच्या आतून मुगाएवढा तुकडा काढून तपासला, आणि मग त्यांनी समजावून सांगितलं. शरीरात राखण करणाऱ्या पेशी असतात, रोगजंतू आला की त्याला हाणतात. आपल्या बाबतीत त्या पेशींची ओळख चुकली. राखणदाराने अंधारात चोर समजून शेतमालकालाच काठी घालावी तसं त्या आपल्याच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींना मारत सुटल्या. बायकांना हे जास्त होतं, आणि तपासणीला यायला बायकांनाच उशीर होतो. थेंब, गोळ्या, सारखं घोटघोट पाणी, यावर भागवायचं. मुळावर घाव घालणारं औषध अजून हाताशी नाही, पण शोधणारे शोधतायत.

आणि खरी गोष्ट इथूनच पुढे आहे. बाईंनी सांगितलं की राखणदारांची काठी आवरेल अशा एका नव्या औषधावर संशोधन चालू आहे आणि त्यात रुग्ण हवेत. काहींना खरी गोळी मिळणार, काहींना तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली. कोणाला कुठली, हे रुग्णाला कळणार नाही आणि बाईंनाही नाही. त्रास काय होऊ शकतो तेही सांगितलं, आणि मधेच सोडावंसं वाटलं तर सोडता येतं हेही. तुझा जावई बिथरला. अर्ध्या लोकाइले खोटी गोयी देतेत म्हने, मंग तू कायले हाल करून घेऊन राह्यली, असं त्याचं चालू झालं. त्याला मी दोष देत नाही, त्याच्या डोळ्यांसमोर पिंजऱ्यातला उंदीर होता. पण मला जायचं होतं. मला नोकरीची अजून बरीच वर्षं बोलायचंय, थांबे पुकारायचेत, भांडायचंय. भरल्या ताटासमोर बसून घशाला घाबरायचं नाहीये.

घोडं अडलं ते दुसरीकडेच. ज्यांच्या लाळेच्या ग्रंथी पुरत्या गेल्यात त्यांना यात घेत नव्हते, कारण औषधाला जागं करायला आत काहीतरी शिल्लक असावं लागतं. तपासणीच्या दिवशी मी मान खाली घालून, ओठ उघडे ठेवून, हातात नळी धरून बसले. गिळायचं नाही, जे गळेल ते गळू द्यायचं. काही गळेना. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकत बसले आणि मला वाटलं, संपलं, माझं आटलं सगळं. मग बाईंनी जिभेवर लिंबूसत्त्वाचं पाणी लावलं आणि थोडं थांबायला सांगितलं. गालाच्या आत कुठेतरी एक ओळखीची कळ आली, आणि ओठावरून लाळेची तार सुटली. तेवढी तार त्यांना पुरली. नळी उजेडात धरून त्या हसल्या आणि म्हणाल्या, घेतलं तुम्हाला.

मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कोणाला असं होतं का. मी त्यांना तुझं सांगितलं. चिंच, मोठी माय, मामा, भाकरीचं पीठ, सगळं. बाहेर रुग्ण ताटकळत होते तरी त्यांनी मला मधे तोडलं नाही. हत्तिणीपाशी त्या खळखळून हसल्या आणि मग डोळे पुसत म्हणाल्या की तपासण्या झाल्याशिवाय छातीठोक सांगता येणार नाही, पण तुमच्या आईला हेच असण्याची शक्यता फार मोठी आहे. आता तपासायला आलेल्या बायांना त्या, आंबट चघळत राहावंसं वाटतं का, असंही विचारतात. माय, त्या दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला फार हलकं वाटलं. तू रडली नाहीस म्हणून तुला दगड म्हणणाऱ्यांपैकी आता फार कोणी उरलं नाही. पण मी आहे, आणि मला आता कारण माहीत आहे.

गोळी सुरू होऊन काही महिने झाले. खरी मिळतेय की खोटी, देव जाणे, आणि देवाला आपण मानत नाही. दर महिन्याला सुट्टी टाकून जाते, रक्त देते, नळी धरून बसते. बाई विचारतात, फरक? मी म्हणते, थोडा असेल, नसेलही. उगाच वाढवून सांगायचं नाही हे मी ठरवलंय, कारण माझ्या शब्दावर उद्या दुसऱ्या कुठल्या बाईचं औषध ठरणार. हे पत्रही कुठे टाकायचं नाहीये. कंडक्टरच्या बॅगेत तिकिटाच्या मशीनखाली राहील.

एकच गोष्ट राहिली. ती मी अजून बाईंना सांगितलेली नाही. पुढच्या खेपेला सांगेनच. परवा सुट्टी होती, स्वयंपाकघरात एकटीच होते, पिठल्यासाठी कांदा चिरला आणि तुझ्याविषयी विचार करत उभी राहिले. तुझा जावई पाणी प्यायला आत आला आणि माझ्याकडे बघतच राहिला. काऊन रडून राह्यली, त्याने विचारलं. मी गालाला हात लावून पाहिला, तो ओला होता. मी म्हटलं, काही नाही, कांदा हाये. तो बिचारा गेला पाणी पिऊन. कांदा तर केव्हाच फोडणीत पडून लाल झाला होता.