शोभाचं ताट

रविवार, संध्याकाळ. दौंड.

दुपारचं जेवण फार छान झालं. मासवडी, बाजरीची भाकरी, खरडा. ऑफिसातली शोभा पहिल्यांदाच घरी जेवायला आली होती. सगळे खालीच पंगत करून बसलो, हसून हसून ह्यांना ठसका लागला. मग शोभा उठली आणि तिनं आपलं ताट घासून पालथं घातलं. आमची ताटं तशीच मोरीत पडली होती. मी बघत होते.

तेव्हापासून ते ताट डोक्यातून जात नाही. शोभा बौद्ध आहे. माझ्या लहानपणी मांडवगणला आमच्या मळ्यावर कामाला येणाऱ्या बौद्ध मामांचं ताट वेगळं असायचं, गोठ्याच्या वळचणीला खोचलेलं. जेवून ते स्वतःच धुवायचे आणि परत खोचायचे. शोभाच्या घरच्याही कुणीतरी दुसऱ्यांच्या दारात असं ताट धुतलं असेल. मग मी तिला अडवलं का नाही?

हे म्हणतात, "घरचं समजूनच धुतलं तिनं. तू उगाच कीस काढतेस." असेल. पण राहवेना, फोन करून विचारलंच. ती जरा थांबली, मग हसली.

"ताई, मला खरकटं ठिवून उठवत न्हाई, एवढंच. आन् लईच वाटत असंल तर पुढच्या रविवारी वरवंडला आमच्याकडं जेवायला या. तिथं तुमचं ताट तुम्ही धुवा."

येते म्हणाले. ताट धुईन, त्यात काय. पण हसण्याआधी ती थांबली होती, ते मी ऐकलं आहे.