शेवटी शून्य की एक

तीर्थरूप लर्लीन मावशीस,

केझायाचा नमस्कार. तुझा खोकला गेला असेल, गुडघा या थंडीत फार छळत नसेल आणि कोणीतरी लाकडं फोडून दिली असतील अशी आशा करते. (आशा करते म्हणजे मला माहीत नाही. माहीत नसलेलं माहीत असल्यासारखं लिहू नये, हे आईनं स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी मला शिकवलं. दुसरी शाळा मी पाहिली नाही, त्यामुळे तेवढंच मला धड येतं.) इकडे सगळं ठीक. बाबांनी खाणीतून आणलेला दमा अजून आहे, आणि पाद्रीबुवांनी प्रार्थनेत दर रविवारी त्याचं नाव घेतल्यापासून बाबांना तो मानाचा वाटू लागला आहे.

दवाखान्यात मी नेमकं काय करते, असं तू उन्हाळ्यात विचारलं होतंस आणि मी सांगता सांगता रडले होते. म्हणून आता लिहून सांगते. डॉक्टर रुग्णाला तपासून कागदावर लिहितात. ते वाचून मी विम्याच्या हिशेबासाठी प्रत्येक दुखण्याला पुस्तकातला ठरलेला आकडा देते. आमच्या पुस्तकात बदक चावल्याचाही आकडा आहे. नियम मात्र एकच: डॉक्टरांनी लिहिलं नाही ते झालंच नाही. माणूस माझ्यासमोर एका पायावर उड्या मारत असला, तरी पाय मोडल्याचं लिहिलेलं नसेल तर माझ्या लेखी तो नाचतो आहे.

आता आमचे प्रुइट डॉक्टर. छत्तीस वर्षं याच खोऱ्यात आहेत, हात चांगला, पण लिहायचा कंटाळा. मागच्या भेटीचा मजकूर उचलून नव्या भेटीखाली चिकटवतात आणि तळाशी एखादी ओळ घालतात. त्यामुळे एक बाई सहा वर्षांपासून आठ आठवड्यांची गरोदर आहे. मी रीतसर लेखी विचारलं, तर उत्तर आलं, ‘ते गरोदरपण आता शाळेत जातं.’ आमच्या वरिष्ठ वांडाबाई हसून हसून खुर्चीवरून घसरल्या. मला हसू आलं नाही, कारण त्या एका ओळीमुळे किती कागद चुकले ते मी मोजून ठेवले होते. एकतीस. वांडाबाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, “बाई गं, तू जेवतेस तरी कधी?”

मग माझ्याकडे एका बाईची फाईल आली. (नाव सांगणार नाही. ते सांगणं गुन्हा आहे.) तिला पूर्वी गोळ्यांचं व्यसन होतं, पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर लागलेलं, आपल्या खोऱ्यात अर्ध्या घरांत लागलं तसं. नऊ वर्षांपासून ती रोज जिभेखाली औषधाची पट्टी ठेवते आणि बाकी कशालाही शिवलेली नाही. या व्यसनाच्या आकड्याच्या शेवटी शून्य असलं तर व्यसन चालू आहे, एक असला तर ते शमलं आहे. तिला नऊ वर्षं शून्यच आहे. कारण ‘शमलं’ हा शब्द डॉक्टरांनी लिहायला हवा, आणि डॉक्टर लिहितात, ‘म्हणते ठीक आहे. टोमॅटो चांगले आलेत.’ टोमॅटोंवरून मला काहीही ठरवता येत नाही.

एरवी शून्यानं कोणाचं काही अडत नाही. पण या बाईची लेक गेल्या वसंतात त्याच व्यसनानं गेली, आणि तिची चार वर्षांची मुलगी या बाईकडे आहे. ती आजीकडेच राहणार की परक्या घरी जाणार हे कोर्ट पुढच्या गुरुवारी ठरवणार, आणि न्यायाधीशबाईंनी दवाखान्याचा कागद मागितला आहे. कागदावर शून्य आहे.

मी डॉक्टरांना लेखी प्रश्न पाठवला. आता यातही नियम असा की उत्तर सुचवायचं नाही. ‘शमलं ना हो?’ असं विचारलं की संपलं. पर्याय द्यायचे: चालू, शमलं, इतर, सांगता येत नाही. डॉक्टरांनी ‘इतर’वर खूण केली आणि लिहिलं, ‘तालुक्यातली सगळ्यात खमकी बाई.’ खमकीला आकडा नाही. मी पुन्हा पाठवला. या वेळी चारही पर्यायांवर काट मारून ‘स्वतः येऊन विचार’ असं आलं.

गेले. ते सँडविच खात होते. मी कागद पुढे केला.

“पोरी, ती सुधारली हे अख्ख्या खोऱ्याला माहीत आहे.”

“खोऱ्याची सही चालत नाही, डॉक्टर.”

त्यांनी सँडविच खाली ठेवलं. मग म्हणाले की तो शब्द त्यांनी आजवर अकरा जणांच्या कागदावर लिहिला आणि त्यातल्या सात जणांच्या मातीला ते गेले. लिहिलं की लोक पट्टी सोडतात, घरचे लक्ष ठेवायचं सोडतात, आणि मग एक दिवस फोन येतो. “शेवटचा या बाईच्या लेकीच्या कागदावर लिहिला. तिनं तो फ्रिजवर लावला होता. आता आईच्या कागदावर लिहू?”

मी म्हटलं, शब्दानं कोणी मरत नाही.

“तुला लिहावा लागत नाही, म्हणून,” ते म्हणाले, आणि उरलेलं सँडविच कागदात गुंडाळून त्यांनी खणात ठेवलं.

मी आभार मानून आले (कशाचे, ते अजून कळलं नाही). असं माझं चाललं आहे. पत्र लांबलं, माफ कर. छोट्या आयव्हलीला गोड पापा.

तुझी,
केझाया

ता. क. आईनं लोणच्याच्या बरण्या परत मागितल्या आहेत. घाई नाही.

ता. क. २. घाई आहे. ती बाई कोण हे तू पहिल्या टोमॅटोलाच ओळखलं असशील. मावशी, मी डॉक्टरांना उत्तर सुचवू शकत नाही, पण रुग्णाला कसलीच बंदी नाही. बुधवारी चारच्या आत डॉक्टरांकडे जा. ‘ठीक आहे’ म्हणू नकोस. किती वर्षं, काय घेतलं नाहीस, आयव्हलीच्या आईला पुरलं त्या आठवड्यातही घेतलं नाहीस, हे सगळं बोल. पट्टी सोडणार नाही असंही त्यांना सांग, त्यांना तीच भीती आहे. आपल्या कागदातली चूक दुरुस्त करून मागण्याचा अर्ज सोबत आहे. तो कोरा आहे. भरून द्यायचा मोह झाला होता.

ता. क. ३. नातेवाइकाची फाईल आली तर ती तत्क्षणी मिटून वांडाबाईंना द्यायची असते. मी सतरा दिवस उघडी ठेवली. हे पत्र टाकून आले की त्यांना सगळं सांगणार आहे, पत्रासकट. त्या हसतील असं वाटत नाही. तेव्हा गुरुवारनंतर आयव्हलीला दुपारी सांभाळायला कोणी हवं असेल, तर मी मोकळी असेन.