बायकोने मारलेल्या ब्रेकबाबत

प्रति,
मा. परवाना अधिकारी,
वाहन परवाना कार्यालय,
पहिला मजला, जिना चढल्यावर डाव्या हाताला.

विषय : ब्रेक मारल्याबद्दल अर्जदाराच्या पत्नीवर निघालेली नोटीस मागे घेणेबाबत आणि तो ब्रेक न मारल्याची नोंद अर्जदाराच्या नावावर करणेबाबत.

संदर्भ : १) आपली नोटीस, "विनापरवाना वाहन थांबविणे". २) आपल्या कार्यालयाची पावती, "पेडल, नग दोन". ३) अर्जदाराचे यापूर्वीचे चार अर्ज. (उत्तर नाही.)

महोदय,

१. अर्जदार गेली बावीस वर्षं लोकांना चारचाकी शिकवतो. आजवर तीन हजारांच्या वर माणसं त्याच्या हाताखालून गेली. त्यात गुडघे लटपटणारे होते, डोळे मिटून वळणारे होते, आणि हॉर्नलाच ब्रेक समजणारे एक निवृत्त मुख्याध्यापकही होते. एवढं असूनही बावीस वर्षांत अर्जदाराच्या गाडीला साधा ओरखडा आलेला नाही, हे अर्जदार छातीठोकपणे सांगतो. म्हणजे गेल्या महिन्याच्या बारा तारखेला सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांपर्यंत सांगत होता.

२. त्या दिवशी अर्जदार आपल्याच कार्यालयात यायला निघाला होता. त्याच्या शिकवण्याच्या परवान्याची मुदत या महिन्याअखेर संपते. नूतनीकरणासाठी "माझ्या हातून एकही अपघात झालेला नाही" असं लिहून द्यावं लागतं. ते सहीनिशी तयार होतं आणि पत्नीच्या मांडीवरच्या फायलीत होतं. अर्जदार कागद हरवतो, असं तिचं मत असल्याने फाइल आणि ती नेहमी एकत्रच असतात. गाडी चालवायला यायची होती ती बँकेतली शिष्या पाऊस बघून आली नाही. "सर, आज रस्ता ओला आहे, मला भीती वाटते," असा तिचा फोन आला. ओल्या रस्त्याला काय घाबरायचं, असं अर्जदार तिला जरा आवाज चढवूनच म्हणाला आणि स्वतः स्टिअरिंगवर बसला. पत्नी डावीकडे, म्हणजे एरवी अर्जदार बसतो त्या सीटवर बसली.

३. इथे एक गोष्ट खुलासेवार सांगणं भाग आहे, कारण ती तीन नंबरच्या खिडकीवर चार वेळा सांगूनही कुणाच्या डोक्यात शिरलेली नाही. शिकवण्याच्या गाडीत डाव्या सीटपुढेही पेडल असतात. पण तिथे दोनच, क्लच आणि ब्रेक. उजवीकडचा शेवटचा तो ब्रेक. चालवणाऱ्याच्या बाजूला मात्र तीन असतात आणि उजवीकडचा शेवटचा असतो अ‍ॅक्सिलरेटर. अर्जदाराचा उजवा पाय बावीस वर्षं फक्त एकच काम करत आलाय. समोर काही आलं की उजवीकडचं शेवटचं पेडल जीव खाऊन दाबायचं.

चौकात दिवा लाल झाला. पुढे दातांच्या डॉक्टरीणबाईंची पांढरी गाडी उभी होती. रस्ता पावसाने नुसता चकचकत होता. अर्जदाराने बावीस वर्षांच्या अनुभवाने उजवीकडचं शेवटचं पेडल जीव खाऊन दाबलं.

गाडीने उसळी घेतली. पत्नी किंचाळली नाही, तिने फाइलही सोडली नाही. तिने फक्त पाय लांब केला आणि तिच्या बाजूचा ब्रेक दाबला. आयुष्यात पहिल्यांदा पेडलवर पाय ठेवला आणि नेमका हवा त्यावर ठेवला! मग एक जण पळवतोय आणि दुसरी थांबवतेय अशा अवस्थेत गाडी ओल्या साबणाच्या वडीसारखी घसरत गेली आणि पांढऱ्या गाडीला मागून टेकली. वेग ताशी सात किलोमीटर असावा. नुकसान : मागचा एक दिवा. शिवाय अर्जदाराच्या टपावरचा "आधी शिका, मग चालवा" हा बोर्ड सुटून डॉक्टरीणबाईंच्या टपावर जाऊन उताणा पडला.

बाई छत्री उघडून खाली उतरल्या. त्यांनी दिवा पाहिला, मग बोर्ड वाचला आणि म्हणाल्या, "दिवा बसवून द्या, म्हणजे झालं. बोर्ड तेवढा घेऊन जा." प्रकरण तिथेच मिटलं होतं. अर्जदाराची आपणास विनंती आहे, की हे वाक्य दोनदा वाचावं. प्रकरण मिटलं होतं.

४. पण चौकातला वाहतूक पोलीस हा अर्जदाराचा जुना शिष्य निघाला. "नमस्कार मास्तर," म्हणत तो अदबीने आला आणि अदबीनेच त्याने नवा छापील तक्ता काढला. त्याने सहज विचारलं, की मास्तर शेवटचे कधी बसले होते या सीटवर? खोटं बोलायचं नाही म्हणून लिहितो, अकरा वर्षांपूर्वी. अर्जदाराला कुठेही जायचं असलं, की कुणीतरी शिष्य चालवतो. दळण, भाजी, सासऱ्यांना दवाखान्यात नेणं, हे सगळं "रहदारीचा सराव" या धड्यात येतं. बावीस वर्षांत ओरखडा का आला नाही, हे अर्जदाराला तिथे, भर पावसात, शिष्यासमोर कळलं.

एवढं लिहू नकोस रे, असं अर्जदाराने त्याला सुचवून पाहिलं. तो म्हणाला, "मास्तर, आरशात दिसतं तेच खरं मानायचं, हे तुमच्याकडूनच शिकलो." मग त्याने तक्ता भरला. पहिला रकाना : वाहन कोण चालवत होते? अर्जदार. दुसरा रकाना : वाहन कोणी थांबवले? इथे पत्नीने पुढे होऊन स्वतःचं नाव सांगितलं, माहेरच्या आडनावासकट, आणि नीट लिहिलंय का ते वाकून बघितलं.

५. यानंतर जे झालं ते आपल्या कार्यालयात झालं. कॉम्प्युटरने दुसरा रकाना धरला आणि पहिला सोडला. ज्याने गाडी थांबवली त्याचाच गाडीवर ताबा, असा त्याचा हिशेब. त्यामुळे पत्नी ठरली विनापरवाना चालक आणि बावीस वर्षांचा शिक्षक ठरला प्रवासी. खिडकी तीनवरचे कारकून म्हणाले, "काका, कॉम्प्युटरला एका गाडीत एकच ड्रायव्हर माहीत आहे." मग ज्या गाडीत ब्रेकच दोन आहेत तिचं काय, असं विचारलं तर म्हणाले खिडकी सात. खिडकी सात फक्त गुरुवारी उघडते. पहिल्या गुरुवारी ती उघडली नाही. दुसऱ्या गुरुवारी उघडली, तर आतल्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तक्रार करणारे तुम्ही कोण? प्रवासी ना? मग प्रवाशांचं खिडकी तीनला."

मात्र खिडकी तीनवाल्यांनी जाता जाता हळूच एक सल्ला दिला. चालक म्हणून नोंद झाली तर अपघात अर्जदाराच्या नावावर चढेल आणि परवाना वर्षभर मिळणार नाही. प्रवासी म्हणून राहिलात तर "एकही अपघात नाही" हा कागद खराच आहे, परवाना उद्या घेऊन जा. "फायद्यात आहात काका, गप्प बसा."

६. अर्जदार तीन दिवस गप्प बसला. हे लिहिताना त्याला लाज वाटते.

या तीन दिवसांत पत्नीने भांडण केलं नाही. केलं असतं तर परवडलं असतं. ती फक्त अर्जदाराच्याच भाषेत बोलू लागली. जेवताना मीठ मागितलं तर "आधी आरसा बघा." दारातून बाहेर पडताना "इंडिकेटर कोण देणार?" चौथ्या दिवशी तिने नोटीस ताटाशेजारी ठेवली आणि म्हणाली, "बावीस वर्षं लोकांच्या पायांवर ओरडलात. मी एकदाच पाय लावला आणि दोघांचे जीव वाचवले, तर मी गुन्हेगार? आणि तुम्ही काय, प्रवासी?" त्याच आठवड्यात तिने जाऊन शिकाऊ परवाना काढला. पहिल्याच फेरीत मिळाला, वीसपैकी वीस उत्तरं बरोबर. खिडकी तीनचं म्हणणं, की तो चालणार नाही, कारण ब्रेक त्याच्या आधी मारलेला आहे.

७. अर्जदाराची स्वतःची अडचणही कमी नाही. हे प्रकरण मिटेपर्यंत शिकवणी बंद, त्यामुळे नऊ शिष्य अर्धवट शिकून लटकलेत. एकाला डावीकडे वळता येतं, उजवीकडचं अजून बाकी आहे. तो तीन आठवडे डावीकडेच वळतोय आणि घरी पोचायला त्याला तासभर लागतो. त्यात काल आपले तपासनीस येऊन, ज्या पेडलने गाडी थांबली ते तपासायचंय म्हणून, डाव्या बाजूचे दोन्ही पेडल खोलून घेऊन गेले. पावती दिली. परत कधी मिळतील, या प्रश्नाला "गुरुवारी" असं उत्तर मिळालं.

तरी विनंती, की (अ) गाडी अर्जदार चालवत होता, चुकीचं पेडल त्यानेच दाबलं, अशी नोंद व्हावी; (ब) पत्नीवरची नोटीस रद्द व्हावी आणि तिने ब्रेक मारला हे कागदावर तसंच राहावं, कारण त्याबाबत ती काही ऐकून घेणार नाही; (क) यामुळे परवाना जायचाच असेल तर जावो, पण त्याआधी उजवीकडे वळण्यापुरती आठ दिवसांची मुदत मिळावी; (ड) पेडल परत द्यावेत.

चूक कबूल करणारा आणि सध्या बिनब्रेकच्या बाजूला बसणारा,
आपला नम्र अर्जदार
(सही)
मोटार शिक्षक

दिनांक २४, सकाळी साडेनऊ.

सोबत : नोटिशीची प्रत, पेडलांची पावती, डॉक्टरीणबाईंचं "दिवा मिळाला" असं पत्र, "एकही अपघात नाही" हा कागद (रेघ मारून रद्द केलेला).

ता. क. : हा अर्ज देण्यासाठी अर्जदार आज अकरा वाजता आपल्या कार्यालयात आला. गाडी पत्नी चालवत होती, रीतसर शिकाऊ परवान्यावर. अर्जदार डावीकडे होता. फाटकातून आत आल्यावर ओल्या फरशीवर गाडी थोडी घसरली. पत्नीने ब्रेक मारला नाही. ब्रेक मारणं हे डावीकडच्या माणसाचं काम आहे, असा तिचा स्वानुभव आहे. अर्जदाराने वेळेवर आणि जीव खाऊन पाय दाबला. खाली चटई होती. समोरची निळी गाडी आपली असल्याचं शिपायाने नंतर सांगितलं. तक्ता पत्नीने स्वतःच भरून दिला आहे, तो सोबत जोडला आहे. पहिल्या रकान्यात तिचं नाव आहे. "वाहन कोणी थांबवले?" या रकान्यात तिने "साहेबांची गाडी" असं लिहिलं आहे.