माठाचे दोन वाफे

चि. सौ. पुष्पलतास,

दातिवऱ्याला कीर्तनाला निघालो आहे, उद्या दुपारी येईन. तू विहिरीवर गेलीस म्हणून लिहून ठेवतो. खरं तर समोर बोलायला जीभ रेटत नाही.

परसातला माझा माठाचा वाफा जळला, तेव्हा मी चारचौघांत ओरडलो, "सूनबाय, तुज्या पांढऱ्या खतानं माती जाळली हाय!" ते खत तर तू तुझ्याच वाफ्यात घातलं होतंस, चिमूटभर, पाण्यात कालवून. आज माझ्या वाफ्यातली माती जिभेवर ठेवली, तर खारट! दरसाल मी बिनमिठाची मासळी कुजवून घालतो. यंदा घाईघाईत खारवलेल्या मासळीची डोकी कुटून टाकली. मीठ माझंच होतं, पोरी. हे तुला न सांगता देवापुढे टाळ धरायचा धीर झाला नाही.

तुझी ट्रंक भरलेली दिसली. माहेरी जायचं तर जा, मी अडवणार नाही. पण आधी तुझा माठ कापून, भाजी करून पोटभर खा. अंगात रक्त कमी आहे, पालेभाजी रोज हवी, असं डॉक्टरांनी बजावलंय. पोटातल्या जिवालाही ती हवी.

माझ्या वाफ्यात वीस कळशा गोडं पाणी ओतलंय, मीठ निघून जाईल. मग बुडाशी शेणखत घालून नवं बी पेरू. वरची पांढरी चिमूट मात्र तूच टाकायची. माझ्या हाताला माप ठाऊक आहे ते फक्त टाळाचं.

तुझा सासरा,
दादू