नऊ सेकंद आणि हिराची मूठ

सोमवार, ८ डिसेंबर

विसरलीस ना, सुनीते? विसरली असणारच. तुझं डोकं म्हणजे पिठाची चाळणी, वर राहतो तो कोंडा. म्हणून लिहून ठेवतेय. काल फोनवर तू स्वतःच्या तोंडाने बोललीस: तुझ्या तन्वीच्या शाळेची बास्केटबॉलची टीम फायनलला पोचली, तर पोरगी दहावीलाही माझ्याकडे नायगावात राहील आणि खेळेल. नाही पोचली, तर एप्रिलमध्ये बॉल इथे ठेवून कुडाळला तुझ्याकडे. उद्या म्हणशील, आई, मी असं कधी बोलले? बोललीस. मंदाने लिहिलंय. शेजारची मंदा, म्युनिसिपालिटीत कारकून होती. तिने लिहिलेलं कोर्टातही चालेल. मला अक्षर येत नाही, पण वही माझी आहे. वेळ आली की तुझ्या हातात देईन.

सेमीफायनल गुरुवारी, माटुंग्याला. हरलं की घरी, असला प्रकार.

मंगळवार, ९

त. (म्हणजे तन्वी, मंदा एवढंच लिहिते) संध्याकाळभर खाली. पाडलेल्या चाळीभोवती पत्रे लावलेत, त्यावर बॉल हाणते. धडाम, धडाम. वॉचमन ओरडला, "ए पोरी, पाडायचं काम आमचं आहे!"

जेवताना विचारलं, भीती वाटते का गं? म्हणाली, "हरायची नाही, आजी. एप्रिलची." मग दोन भाकऱ्या खाल्ल्या. घाबरलेली पोर दोन भाकऱ्या खात नाही, म्हणून मी ताटं उचलली.

बुधवार, १०

घोडपदेवहून हिराचा फोन. मिलमध्ये वाइंडिंगला, सूत गुंडाळायच्या खात्यात, माझ्या शेजारच्या मशीनवर होती, तेव्हापासून मागे लागलीय. "मी पण येतंय. इतकी उंच पोरगी, तिका दिष्ट लागतली." म्हटलं, ये, पण गप्प बसायचं. "मी खंय बोलतंय?" पुढे पाऊण तास बोलली.

मंदाने बास्केटबॉलचे नियम मोबाइलवर वाचलेत. झालं. आता खेळ बघायचा की हिचं ऐकायचं?

गुरुवार, ११

टॅक्सीने गेलो तिघी. कोर्टाच्या रेघेला लागूनच खुर्च्या मिळाल्या. म्हाताऱ्यांना पुढे बसवतात, तेवढाच फायदा. त. सात नंबर. आकडे मला कळतात.

खेळही कळला. वाइंडिंगच आहे. सुताच्या सगळ्या चात्या एकदम गरगरतात, आपण फक्त थांबलेली हेरायची. तसं इथे जिच्याकडे कोणाचं लक्ष नाही ती पोर हेरायची, बॉल तिच्याकडे जातो. मंदा म्हणाली, नियमांत असं कुठेही नाही.

मध्यंतराला आपण मागे. त. पाणी प्यायला आली, तोंड लाल. हिराने पिशवीतून मीठ-मोहरीची पुडी काढली आणि सगळ्यांदेखत तिच्यावरून ओवाळायला लागली. त. म्हणाली, "हिराआजी, लोक बघतायत!" हिरा म्हणाली, "बघूं देत. तेंचीच तर काढतंय."

आता काढलेली दृष्ट मुठीत धरायची, विस्तवात टाकेपर्यंत खाली ठेवायची नाही, बोलायचंही नाही. माटुंग्याच्या कोर्टावर विस्तव कुठला? म्हणजे घर येईपर्यंत हिराची मूठ बंद आणि तोंडही बंद. मंदा माझ्या कानात म्हणाली, "हिला रोज दृष्ट काढायला लाव."

मग पोरी सुटल्या. काय धावल्या! अगदी शेवटाला एका पॉइंटने मागे होतो, आणि सात नंबरने उडी मारून बॉल जाळीत घातला. एकने पुढे. मी उभी, मंदा उभी, आणि हिराने दोन्ही हातांनी टाळी वाजवली.

मोहऱ्या कोर्टावर.

समोरच्या शाळेची पंधरा नंबर, बारकीशी, बॉल घेऊन आमच्याच बाजूने धावत आली आणि सर्रकन घसरली. बॉल बाहेर. पंचाने घड्याळ थांबवलं. पोरीचा गुडघा सोललेला. पंच वाकून जमिनीवर बोट फिरवतोय, "हे काय आहे?" हिरा बोलली नाही, तिला तर बोलायचंच नव्हतं. मंदा पर्समध्ये काहीतरी शोधत होती. मी पाणी पीत होते. बाटली रिकामी होती.

टॉवेलने पुसलं, बॉल आमच्याकडे दिला. उरलेला वेळ आमच्या पोरींनी बॉल पोटाशी धरून काढला. जिंकलो! फायनल रविवारी. तुला फोन केला तर म्हणालीस, "बरं." आनंदाने जीव जायचा बाकी होता तुझा.

शुक्रवार, १२

काल घरी आल्यावर त. ने एकच विचारलं. "आजी, हिराआजीची मूठ कुठे गेली?"

म्हटलं, पंचांनी निकाल दिलाय, आपण काय पंचांपेक्षा मोठे? ती म्हणाली, "ती मुलगी जाळीपर्यंत पोचली असती, आजी. तिला अडवायला मी लांब होते." भाकरी एकच. तीही अर्धी.

खरं सांगते, लिही गं मंदा, मला त्या पोरीचा गुडघा दिसत नव्हता, एप्रिल दिसत होता. ही गेली की खालच्या पत्र्यांना हाणणार कोण?

आज सकाळी शाळेत जाऊन सरांना सगळं सांगून मोकळी झाली. मला विचारलंही नाही.

मग आम्ही तिघीही निघालो माटुंग्याला, स्पर्धेच्या टेबलाशी. मोहरी पोरीची नव्हती, तिने एकटीने का बोलणी खावीत? हिरा पुढे झाली. "पोरगी न्हय, माजा चुकला. टाळी मिया वाजवलंय." टेबलावरचा माणूस लिहून घेत होता. विचारतो, "मोहरी कोर्टावर कशासाठी आणली होती?" याला आता काय सांगायचं? मंदाने ऑफिसातला आवाज काढला. "घरगुती कारणास्तव." त्या दुसऱ्या शाळेच्या बाई बाजूलाच होत्या, हसू दाबताना त्यांना ठसका लागला. मी खाली अंगठा दिला.

निकाल असा: पोर घसरली तिथून पुढे परत खेळायचं. तेव्हा घड्याळात नऊ सेकंद होते. बॉल त्यांचा. आपण एकने पुढे. रविवारी सकाळी नऊ सेकंद, आणि जो जिंकेल तो संध्याकाळी फायनलला.

सर त. वर चिडलेत म्हणे. पण कॅप्टन तिलाच ठेवलंय.

आज भाकऱ्या तीन.

शनिवार, १३

सकाळी तुझा फोन. "नऊ सेकंदांसाठी कुडाळहून कोण येतं, आई?" म्हटलं, नको येऊस. उचकी लागली तर तेवढ्यात खेळ संपेल.

मग विचारलंस, "तिने स्वतःहून सांगितलं?" म्हटलं, हो. मग म्हणालीस, "त्या पंधरा नंबरला अडवणार कोण?" म्हटलं, तुझीच पोरगी, दुसरी कोण. "डावीकडून येते की उजवीकडून?" आता हे मला काय ठाऊक? पण तू विचारलंस. फोन ठेवता ठेवता म्हणालीस, "किती वाजता आहे?" सांगितलं, नऊला. येणार का, ते मी नाही विचारलं. पिकतं फळ दाबून बघू नये.

त. ने त्या पोरीला फोन लावला. गुडघा बरा आहे, उद्या खेळणार. अर्धा तास खिदळत होत्या दोघी. उद्या एकमेकींना पाडायचंय, त्याचं काय एवढं हसू? आता खाली गेलीय. धडाम, धडाम चालू आहे.

हिराला बजावलंय, उद्या हात पदरात बांधून बसायचं.

मंदा, एवढ्या पानाचा फोटो काढून सुनीतेला पाठव. आत्ता, संध्याकाळची बस सुटायच्या आत. सुनीते, तू त्या बसमध्ये बसलीस तर उत्तमच. नाही बसलीस, तर ड्रायव्हरकडे आल्याचं, गुळात घोळलेलं खाजं दे. ताजं, बाजारातलं शिळं नको. दोन पुडे. एक आपल्या पोरीला, एक पंधरा नंबरला. तिचा जरा मोठा बांध. पण तिला मी तो नऊ सेकंद झाल्यावरच देणार. आधी खाऊन आणखी जोरात धावली तर?