तीन सेकंद दाबायचं बटण

अहो,

कपडे न्यायला आलते, तुमी घरी नव्हता. चकलांब्याच्या हळदीत काय झालं ते आईंनी सांगितलं. माझ्या जागी आलेली नवी पोरगी स्टेजवर गातीय आन् तुमचा पाय पडून गिटारच्या पेडलमधून, त्यात भरून ठिवलेला माझाच आवाज सुरू! सारा मांडव हसला म्हणं. चुकून दाबलं गेलं, असं तुमी सगळ्यांना सांगितलं.

बटणं लई जवळजवळ हायत, त्यात तुमचे ते जाड बूट. म्हणून रोज लागणारी दोन बटणं सेटिंगमधून दोन टोकांना घेतली आन् त्यांच्यावर बाटलीची टोपणं चिकटवली, म्हंजी न बघताबी पायाला कळतील. मधलं एक बंदच करून टाकलंय, तिथं पाय पडला तरी काही वाजणार न्हाई. गोंद ओला हाय, सांजपर्यंत हात लावू नका.

माझा आवाज पुसायलाच बसले व्हते. पण मी माहेरी जाऊन सात महिने झाले, तरी तुमी तो कशापायी ठिवला, ह्याच्यातच अडकले. शेवटी न्हाई पुसला. आता त्या आवाजाचं बटण तीन सेकंद दाबून धरलं तरच वाजंल.

अंबाजोगाईची बस गाठायची हाय, निघते. पुन्हा वाजलं, तर चुकून दाबलं म्हणू नका.

तेजश्री